अडचण: हो की नाही

शिरूरजवळच्या एका भाजीपाल्याच्या पॅकिंग शेडमध्ये बाया कामावर टिकत का नाहीत, हे शोधायला आमच्या संस्थेनं मला पाठवलं. हातात टॅब आणि त्यात साहेबांनी पुण्यात बसून लिहिलेला प्रश्न: ‘कामावर अडचण येते का? हो / नाही.’ आता काय बोलायचं या माणसाला! आमच्याकडं बायकांची ‘अडचण’ म्हणजे पाळी. त्यात मुकादम शेजारी उभा. पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या, थोरल्या बाया ‘न्हाई’ म्हणून पुन्हा टोमॅटो निवडायला लागल्या. मीही मुकाट्यानं ‘नाही’वर बोट ठेवत गेले, हे माझंच चुकलं.

रिपोर्ट झाला: अडचण नाही. शेडच्या मालकाच्या मनात बायकांसाठी संडास बांधायचं होतं, ते त्यानं बाजूला ठेवलं. माझं डोकंच सणकलं.

“साहेब, किती जणी काम सोडतात ते खुशाल मोजा. पण का सोडतात ते आपल्याला ठाऊकच नाही, मग हो-नाही कशाचं विचारता? चार दिवस मला त्यांच्यात बसू द्या.”

“गप्पा मारायला नाही पाठवलं तुम्हाला. मला आकडा हवा.”

आकडा! घाला चुलीत तो आकडा.

सुट्टीच्या दिवशी एसटीनं गेले. मुकादम जेवायला गेल्यावर बायांत बसून टोमॅटो निवडले, काही विचारलंच नाही. शेजारची, अजून तिशीही न गाठलेली, आपणहून बोलायला लागली.

“हितं आडोसा न्हाई ताई. दिवसभर पानी पीत न्हाई मी. त्या चार दिवसांत खाडा व्हतो, आन् खाडे झाले की मुकादम म्हंतो, उद्यापास्नं येऊ नको. म्हून गर्भपिशवीच काढून टाकती. डागदरनं सोमवार दिलाय.”

“अहो, पण आजार काय आहे?”

“आजार कुठला? अडचण हाय न्हवं.”

मी शेडमागं जाऊन साहेबांना फोन लावला आणि अक्षरशः ओरडले. ते नरमले. म्हणाले, “बरं, पुढच्या महिन्यात बायकांशी सविस्तर बोलू. मग मालकापुढं संडासाचा विषय काढू.”

मी धावत तिच्याकडं आले. “ऑपरेशन करू नका, बाई. जरा थांबा. संडास होईल.”

“कवा?” तिनं विचारलं.

त्या दिवशी शनिवार होता.