न पडलेला उंदीर

आमच्या गावात अजून सांगतात की प्लेगच्या साली वेशीजवळच्या एका घरात उंदीर मरून पडला होता, आणि लोकांनी वेळीच काट्यांचं कुंपण घातलं म्हणून गाव वाचलं. परवा माझ्या नातवानं मलाच ही गोष्ट सांगितली. वर म्हणाला, "आबा, तुमी तं होते ना तवा?"

होतो.

आमचं घर रंगाऱ्याचं. गाव अनसिंगच्या बाजूचं. कोष्ट्यांना लुगड्यासाठी निळं सूत लागे, ते आम्ही रंगवून देत असू. घरामागच्या छपरीत गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला माठ होता. त्यात निळीच्या वड्या, चुना, गूळ आणि उकडलेलं तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी घालून ते आंबवायचं. माठ चांगला असला की वर तांब्यासारखी साय चमकते. सूत बाहेर काढलं की हिरवं दिसतं आणि वारा लागताच पाहता पाहता निळं होतं. बिघडला तर पाणी राखाडी पडतं, घाण वास सुटतो आणि आत घातलेली सगळी नीळ जाते.

बिघडलेल्या माठावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक उपाय चालत आला होता. गावात कंडी पिकवायची. एखादी खोटी बातमी सोडायची, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून खरी होऊन आपल्या दारात आली की माठ धरतो. खोटं परत घेतलं तर माठ मरतो. आजोबांच्या कंड्या साध्या असत. शेलूबाजारला दोन तोंडांचं वासरू झालं, मालेगावच्या बाजारात बैल बोलला. पण गाव शहाणं झालं होतं. असलं काही कानावर आलं की लोक हसत, "रंगाऱ्याचा माठ बिघडला वाटते!"

त्या उन्हाळ्यात वाशीमकडून प्लेगच्या बातम्या येत होत्या. सकाळी उठलं की जो तो आधी घराचे कोपरे पाही. नेमका तेव्हाच आमचा माठ बिघडला. हंगामाची सगळी नीळ त्यात होती.

बाप म्हणाला, "हासण्यासारखी कंडी नोको सोडू. कोणी हासलं का गेलं सारं."

त्याच सकाळी मावशी तरोट्याचं बी घेऊन आली. नात्याची नव्हती, सगळं गाव तिला मावशी म्हणे. वेशीजवळ एकटी राहणारी विधवा. थंडीत बांधाबांधानं तरोटा तोडायची, बी कणगीत साठवायची आणि लागेल तसं आम्हाला आणून द्यायची. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. पोतं अर्धंच भरलेलं पाहून मी विचारलं, तर म्हणाली, "उंदरायनं खाल्लं रे बापा. रातभर नाचतेत मेले."

मी न्हाव्याकडे गेलो. निंबाखाली चार माणसं बसली होती.

"काय म्हणते तुमचा माठ?" न्हाव्यानं डोळा मारत विचारलं.

"माठाचं जाऊ दे," मी म्हणालो. "मावशीच्या घरी उंदीर पडला म्हणते."

वस्तरा थांबला. कोणी हसलं नाही. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

दिवस मावळायच्या आत शेजारीण आमच्या दारात उभी. "आयकलं का? तीन पडले म्हणते. पोरीच्या काखेत गाठ आली."

बापानं माझ्याकडे पाहिलं. सकाळी माठावरचं झाकण काढलं, तर तांब्याची साय! तोवर मी या गोष्टीला आमच्या घरची एक गंमत समजत होतो. ती साय पाहून मी झाकण परत ठेवलं. आत कोणीतरी बसून ऐकत होतं असं वाटलं.

त्याच दिवशी मावशीला आणि लेकीला नाल्यापलीकडच्या पडक्या गोठ्यात घालवलं. वाटेवर बाभळीचे काटे रचले. भाकरी लांबूनच ठेवायची असं ठरलं.

"बाबा, मी सांगून टाकतो," मी म्हणालो.

"सांग. सूत माठात हाये. आन् पलेगाची कंडी आपून सोडली हे समजलं का गाव घर जाळन. तुही पोरगी घरात हाये."

मी खाली बसलो.

पुढे मला माझ्याच खोट्याची भीती वाटू लागली. ते खरं होऊन आमच्याच घरात येईल असं वाटे. मी माळा झाडला, चुलीमागं काठी घालून पाहिली. दुपारी निजलेल्या माझ्या पोरीच्या काखा चाचपायचो. बायको म्हणे, "काय चाचपता तिले सारखं?"

एका दुपारी काट्यांपलीकडून मावशीचा आवाज आला. "सुईणीले धाडा रे कोणी! पोरगी अडली माही!"

सुईण आमच्या समोरच राहायची. ती दारात आली, गल्लीतल्या लोकांकडे पाहिलं. "मले लेकरं हायेत," म्हणाली आणि आत गेली. तिच्या दारापर्यंत दहा पावलं नसतील. खोटं मी सोडलं, एवढंच बोलायचं होतं. माझे हात कोपरापर्यंत निळे होते, हातात ओलं सूत होतं. ते हिरव्याचं निळं होईपर्यंत मी त्याच्याकडेच पाहत राहिलो. मावशीनं पुन्हा हाक मारली. मग हाक आली नाही.

लेक वाचली, लेकरू गेलं. गावात प्लेग आलाच नाही. काटे काढले तेव्हा लोक एकमेकांची पाठ थोपटत होते.

पुढच्या थंडीत मावशी बी घेऊन आली. या खेपेला पोतं भरलेलं होतं. "कणगी लिपून घेतली," म्हणाली. "तवाच लिपली असती तं उंदीर नसता पडला घरात."

मी विचारलं, "मावशी, तुनं पाह्यला होता का उंदीर?"

"मी नाई पाह्यला. पन पडलाच असन. एवढं गाव खोटं बोलन का?"

मी पोतं आत नेलं.

स्वतःलाच दोष देत मावशी वारली. बापही गेला. पुढे विलायती रंगाच्या पुड्या आल्या आणि माठाची जागा मातीनं बुजवली. तरी हे लिहिताना माझी नजर छपरीकडे जाते. मरायला आता तिथं माठ नाही, म्हणून तर लिहायचं धाडस झालं, हेही खरंच.

त्या घरात उंदीर पडला नव्हता. तिथले उंदीर जिवंत होते, तरोट्याचं बी खाऊन रात्रभर नाचत होते. हे मला तिनंच सांगितलं होतं, माझ्या दारात, पोतं खाली ठेवता ठेवता.