मलम न देणारी बाई

आचरा गावातल्या औषधांच्या दुकानात एक बाई काम करायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. चेहऱ्याची कातडी लाल आणि पातळ झालेली. दारातून ऊन आत आलं, की त्या गालावर पदर धरून मागे सरकायच्या.

माझ्या लेकीच्या कपाळावर चार मुरमं आली होती आणि पुढच्या रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. शेजारणीने सुचवलेलं मलम मी मागितलं. बाईंनी ते काढलंच नाही.

“वैनी, चेडवाक दोन वेळ साध्या साबणान तोंड धुवक सांगा. नखान फोडूक नको. दोन-तीन म्हयन्यात कमी जातली.”

“पाहुणे रविवारी येतायत,” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “माका बघूक इले, तेव्हा माझ्या आवशीन ह्याच मलम लावल्यान. मी पसंत पडलंय. लगीन झाल्यार ता सोडलंय, तर तोंड असा झाला. घोव म्हणता, फसवल्यात.”

मी मान हलवली, बाहेर पडले आणि दुसऱ्या दुकानातून चिठ्ठीशिवाय तेच मलम आणलं. रविवारी लेकीचं कपाळ स्वच्छ होतं. पाहुण्यांनी जागेवरच होकार दिला. त्या दिवशी मी स्वतःला त्या बाईंपेक्षा शहाणी समजले.

लग्नाला वर्ष झालं. लेकीचा सासरहून रोज फोन येतो. मलम अजून लावतेस की सोडलंस, हे विचारायचा मला धीर होत नाही. व्हिडिओ लाव म्हटलं, तर ती म्हणते, “नको गो आये, असाच बोल.”