गाव हिरवं झालं ते साल

अंगणवाडीत मी लेकरांची नाकं पुसते, खिचडी शिजवते, पण माझं काम मोजलं जातं ते मोबाइलमधल्या रंगावरून. लेकराचं वजन नीट असलं की नावापुढं हिरवा, लईच कमी असलं की लाल. वडवणीजवळच्या आमच्या गावात एकच नाव लाल होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, नुकती चालायला लागलेली पोर. अंगावर नुसती हाडं, पण वजनकाट्याच्या झोळीत बसवली की खिदळत झोका मागायची.

त्या पावसाळ्यात मी हट्टालाच पेटले. माझ्या कोंबड्यांची अंडी उकडून रोज तिच्या घरी जायचे, माझ्या हातानं भरवायचे. आजी कुरकुरायची, "रोज रोज कशाला येती ही बाई?" येते म्हटलं, काय करायचं ते करा. पोर हळूहळू अंग धरायला लागली.

दिवाळी झाली आणि टोळीचा ट्रक दारात लागला. मी तिच्या आईच्या हातापाया पडले. पोरीला आजीपाशी ठेव म्हणाले.

"सासूबी येतीय कोयत्याला. कुणापाशी ठिवू, बाई?"

उकडलेली अंडी तेवढी मी तिच्या पदरात घातली.

नियमाप्रमाणं पोरीचं नाव आमच्या यादीतून निघून स्थलांतरितांत गेलं आणि गाव एका झटक्यात हिरवं झालं. तालुक्याला माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, टाळ्या. आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणाल्या, बाईंनी कुपोषण शून्यावर आणलं. माझ्या अंगाची आग आग झाली. लेकरू सुधारलं न्हाई, गाव सोडून गेलंय, असं सांगायला मी उठलेही. तोवर पुढचं नाव पुकारलं होतं.

मी तिच्या आईला फोन करायचे. साखर कारखान्यावरच्या अंगणवाडीत पोरीचं नाव काही घेत नव्हते. आज या, उद्या या.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी परतली. आई अंगणवाडीत आली ती एकटीच. उसाच्या फडातच पोरीला ताप भरला म्हणाली, दवाखाना लांब पडला. मी तिला कवटाळून रडले, पोटचं गेल्यासारखी.

मग मॅडमना फोन लावला. त्याही हळहळल्या. म्हणाल्या, "बाई, आपल्याकडं ही नोंद घेता येत नाही. नाव आधीच कमी झालंय. तिकडचे धरतील."

शेजारी बसलेल्या आईला फोनमधलं सगळं ऐकू गेलं होतं.

"तिकडं तर घेतलंच न्हाई," ती म्हणाली. "मंग बाई, माझी लेक कुठंच न्हवती का?"