उर्वरित पान सातवर

"इंग्रज गेलं, पण मना इथंच इसरलं."

कार्यालयात नवा माणूस आला की तो डोक्यावरचा टॉवेल बाजूला करून पांढरे केस दाखवायचा आणि हे वाक्य टाकायचा. समोरचा हसला की मग स्वतः हसायचा. त्याच्या अंगात जन्मापासून रंगच नव्हता. भुवया पांढऱ्या, उन्हात डोळे मिचमिचे. साखरशेतच्या नाचणी पिकवणाऱ्या घरातला हा माणूस तुम्हाला जव्हारच्या स्टँडवर दिसला असता, तर तुम्हीही वळून पाहिलं असतंत. मीही पाहिलं होतं.

मी त्या कार्यालयात लिपिक होतो. जामसरच्या आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. तो हंगामी शिपाई. पंख्याखालची खुर्ची कायम नोकरीतल्या शिपायाची, गावोगाव टपाल नेणं याच्याकडे. नाही म्हणायची सोय नव्हती, उद्या दुसरा उभा राहिला असता.

एका शिबिरात डॉक्टरांनी त्याला ऊन अडवणारं क्रीम लिहून दिलं होतं. याच्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असं बजावलंही होतं. निघण्याआधी तो आरशासमोर उभा राहून तोंड, कान, मान पांढरी करायचा. "भिंत सारवतो, भाऊसाहेब."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हॉटेलातून भज्यांसोबत आलेल्या वर्तमानपत्राच्या जुन्या पुरवणीत मला अशा क्रीमवरचा लेख दिसला. मी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यातली काही रसायनं कातडीतून रक्तात उतरतात, नदीत गेली तर पाण्यातल्या जिवांनाही बाधतात, अशी शंका होती. 'ऑक्सिबेन्झोन' हा शब्द मी दोनदा वाचला.

"काय नाव हाय! कोणाच्या पोराचं?" तो म्हणाला. मग म्हणाला, "दाभोशाच्या डोहात तोंड धुतो मी. म्हंजे मासळीलापण माझाच ताप?"

सगळे हसले. तो थांबला. "माझी पोरगी गालाला गाल लावते. तिला काय होल का?"

ठाऊक नाही, एवढं म्हणायचं होतं. पदवीधराच्या तोंडून ते निघेना. मी म्हणालो, "जपलेलं बरं, दादा."

दुसऱ्या दिवसापासून आरशासमोर कोणी उभं राहिना. मी विचारलं, तर टॉवेल घट्ट करत म्हणाला, "ऊन मना एकट्याला खातं. मलम पोरीला खाल. मग सोसाचं कोणी, भाऊसाहेब?"

त्या लेखाखाली बारीक अक्षरात 'उर्वरित पान सातवर' होतं. हॉटेलवाल्यानं पान सात भज्यांना वापरलं होतं. मी ते शोधलं नाही.

दीडेक वर्षानं त्याच्या कानाच्या पाळीवर जखम झाली, ती भरेना. तेव्हा मी वाचनालयात जाऊन तो अंक काढला. पान सातवर स्पष्ट होतं : ही नुसती शंका आहे, सिद्ध काही नाही, ज्यांना उन्हाचा धोका जास्त, त्यांनी क्रीम सोडू नये, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्यावं.

मी ते पान कागदावर उतरवून त्याच्या घरी नेलं. अंगणात कोणी नव्हतं. वाचून दाखवलं.

"संपलं?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं मातीवर काडीनं एक रेघ ओढली. "आत बोलू नका. या घरात तुमाला मान हाय."

जखम कर्करोगाची निघाली, त्याला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे ऊन वर्षानुवर्षांचं आहे, एवढ्यातलं नाही. त्या वाक्याला मी खूप दिवस धरून राहिलो. त्यातून बिनक्रीमचं दीड वर्ष काही वजा होत नव्हतं. तो मुंबईहून परत आला नाही.

पुढे एकदा बाजारात त्याची बायको आणि मुलगी भेटल्या. मुलगी आईच्या आड उभी राहून माझ्याकडे बघत होती. आईनं तिला पुढे केलं.

"पाया पड गं. हे भाऊसाहेब. लय शिकलेलं हायेत. बाबाला पेपर वाचून दाखवायचं."

मुलगी वाकली. मला पाय मागे घेता आले नाहीत.