गास्पारामावशीचा नंबर चौथा

मास्त्रो नोफ्रियो न्हाव्याच्या दुकानात बाईमाणसानं पाऊल टाकलं होतं ते आजवर एकदाच, भूकंपाच्या वर्षी, आणि तेही नवऱ्याला अर्ध्या दाढीतून ओढून न्यायला. त्यामुळे एका शनिवारी दुपारी गादीवाली गास्पारा रस्ता ओलांडून सरळ आत आली, बाकावर बसली आणि "पुढे किती जण आहेत?" असं विचारती झाली, तेव्हा खुर्चीत फेस फासून बसलेला खाटीकसुद्धा आरशातून टक लावून बघायला लागला.

"तिघं आहेत," नोफ्रियो म्हणाला. "पण मावशी, आज इकडे कुठं?"

"मग माझा चौथा," म्हणत ती उठली आणि खिळ्यावरचं मँडोलिन काढून मांडीवर घेऊन बसली.

आमच्या पोज्जोस्पीनो गावात हे मँडोलिन नोफ्रियोच्या बापाच्या वेळेपासून त्या खिळ्याला आहे, आणि त्याचा दंडकही तितकाच जुना. ज्यानं नंबर लावलाय त्यानं नंबर येईपर्यंत ते वाजवावं, नंबर आला की पुढच्याच्या हाती देऊन खुर्चीत बसावं. गावातले निम्मे पुरुष असे दाढीच्या नादानं वाजवायला शिकले. शेजारी गिटार असायची, ती मात्र कावालिएरे वेंतुराची. तिला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. वेंतुरा जमीनमोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. कुठल्याशा सरकारी पदकामुळे त्याला सगळे कावालिएरे म्हणत, आणि न म्हणणाऱ्याला तो दोनदा म्हणायला लावी.

गास्पारा तेव्हा चौसष्ट वर्षांची. लग्न केलं नाही, पण गावातल्या प्रत्येक नवरीची गादी तिनं शिवलेली. दुकानासमोरच्या अंगणात ती लोकर पसरायची आणि दोन काठ्यांनी झोडपायची. चाळीस वर्षं समोरून नाचाचा पोल्का ऐकू येत होता आणि चाळीस वर्षं तिच्या काठ्या त्याच तालावर पडत होत्या. त्या गाद्यांवर गावाची लोकसंख्या कशी वाढली याचा हिशेब पाद्रीबाबांनी करावा.

आता ही मँडोलिन कशाला शिकतेय, यावर गावानं डोकं चालवलं. कुणी म्हणालं, नवस असणार. कुणी म्हणालं, नोफ्रियो विधुर आहे, नीट विचार करा. शेजारच्या आगातानं तर तोंडावरच विचारलं, "खरं सांग, कुणासाठी गं?"

"माझ्यासाठी," गास्पारा म्हणाली. आगाताला हे उत्तर मुळीच पटलं नाही. तिनं न्हाव्याचीच बातमी पुढे नेली.

वाजवणं मात्र भयंकर होतं. सुई रेटून रेटून बोटांना घट्टे पडलेले, त्यामुळे तारा टोचत नव्हत्या. पण बोटं इतकी जाड, की तारांची एक जोडी दाबायला जावं तर शेजारचीही दबली जाई. नोफ्रियो कुणाच्या तरी मानेवर कात्री चालवत पाठ द्यायचा. नोटेशन वगैरे भानगड नाही. "दुसरी जोडी, तिसरा पडदा. मावशी, तिसरा. तो पाचवा झाला."

"मांजर पिंजताय का, गास्पाराबाई?" वेंतुरा बाकावरून विचारायचा.

"नाही. तुमची गिटार ऐकून पळालेलं परत बोलावतेय."

सूर थरथरता ठेवायला मनगट सैल सोडावं लागतं, ते तिला एका दिवसात जमलं. पीठ चाळताना जसा हात हलतो तसाच. नोफ्रियो कात्री थांबवून बघत राहिला. "हे शिकायला मला दोन वर्षं लागली," तो म्हणाला आणि लगेच पस्तावला, कारण वेंतुरानं ते ऐकलं होतं.

घरी मँडोलिन नव्हतं. तिनं एका फळीवर गादीचा मेणदोरा जोडीजोडीनं ताणून बांधला, खडूनं पडदे आखले आणि चूल पेटेपर्यंत त्यावर बोटं बसवत राहिली. आवाज शून्य. "मी ऐकते ना," ती आगाताला म्हणाली.

आणि शनिवारी नंबर आला, की शांतपणे म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे. मला कुठं घाई आहे?" अशी सगळ्यांना पुढे घालत दुकान बंद होईपर्यंत तीच वाजवत बसायची. पोल्काचा पहिला भाग बसला. दुसऱ्यात जिथं सूर वर चढतो, तिथं ती दर वेळी कोसळायची.

पाचव्या शनिवारी वेंतुरा उभा राहिला. कचेरीत उभा राहायचा तसा.

"नियम काय आहे? नंबर लावणाऱ्यानं वाजवायचं. नंबर कशाचा? खुर्चीचा. खुर्ची कशाची? दाढीची. ज्याला दाढी नाही त्याला नंबर नाही, आणि ज्याला नंबर नाही त्याला वाद्य नाही. बरोबर ना, नोफ्रियो?"

नोफ्रियो पाण्याच्या भांड्यात बघत राहिला. बाकावरच्या चौघांनी माना हलवल्या. कुणाचा राग नव्हता, पण कावालिएरेचं बोलणं कागदावर उतरवण्यासारखं होतं.

"हा नियम लिहिलाय कुठं?" गास्पारानं विचारलं.

"लिहायची गरज नाही. सगळ्यांना ठाऊक आहे."

"बरं," म्हणून तिनं मँडोलिन खिळ्याला टांगलं आणि निघून गेली.

पुढचे तीन शनिवार ती फिरकली नाही. वेंतुरानं पोल्का मनसोक्त वाजवला. एवढंच कानावर आलं, की गास्पारा आता रुमाल हनुवटीच्या खालून नाही, हनुवटीवरून बांधते. दात दुखत असेल, असं सगळे म्हणाले. सगळे म्हणजे आगाता.

खरी गोष्ट अशी, की पस्तीस वर्षं दर शनिवारी सकाळी गास्पारा खिडक्या लावून घ्यायची, आरसा खुंटीवरून उतरवायची आणि चिमट्यानं हनुवटी साफ करायची. हे गुपित तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. रस्त्यात कुणी जवळ येऊन बोललं तर हात आपसूक तोंडाशी जायचा. त्या तीन आठवड्यांत तिनं चिमट्याला हात लावला नाही. पहिल्या आठवड्यात आरशात बघवेना. तिसऱ्यात ती स्वतःच उजेडाला तोंड करून मोजू लागली.

चौथ्या शनिवारी ती दुकानात आली. आत तिघं होते. तिसरा वेंतुरा.

"माझा चौथा," ती म्हणाली.

"गास्पाराबाई, नियम सांगितला होता."

तिनं रुमाल सोडला. दारात, भर उन्हात, हनुवटी वर करून उभी राहिली. तोंडाशी येऊ लागलेला हात तिनं मागे नेला आणि तिथंच मुठीत धरून ठेवला. चौकातल्या नळावरच्या बायका बघत होत्या. आगातानं घागर खाली ठेवली.

"अगं, चारचौघांत काय दाखवतेस?"

"माझीच आहे. चोरून आणलेली नाही."

नोफ्रियोनं चष्मा लावला, जवळ आला, नेहमीच्या गिऱ्हाइकाची बघतो तशी हनुवटी दोन बोटांत धरून डावीउजवीकडे फिरवून बघितली.

"सात आहेत," तो म्हणाला. "चार काळे, तीन पांढरे. कडक आहेत. आज करायलाच हवी."

"सात केसांची कसली आलीय दाढी?" वेंतुरा म्हणाला.

"कावालिएरे, तुमच्या डोक्यावर किती आहेत?" खाटीक म्हणाला. "आणि कापायचे पैसे तर पूर्ण देता."

दुकान हसलं. गास्पारा हसली नाही. तिनं खिळ्यावरून मँडोलिन काढलं, तारा छेडायची कासवपाठीची नखी बोटांत धरली आणि बसली. पहिला झाला, दुसरा झाला. वेंतुराचा नंबर आला. तो खुर्चीत टेकला, फेस लागला, वस्तरा पट्ट्यावर फिरला आणि गळ्याशी आला, तशी तिनं पोल्काला हात घातला.

पहिला भाग नीट गेला. दुसऱ्यात सूर जिथं वर चढतो, तिथं ती कोसळली. फेसाच्या आतून काहीतरी आवाज आला.

"हलू नका, कावालिएरे," नोफ्रियो म्हणाला. "वस्तरा गळ्यावर आहे."

गास्पारा चार सूर मागे गेली आणि पुन्हा चढली. पुन्हा कोसळली. तिसऱ्यांदा चढली, एक सूर साफ चुकला, तो चुकलेला तसाच सोडून ती पुढे निघाली आणि मग थांबलीच नाही. ताल काठ्यांचाच होता, दणकून पडणारा. त्यात नाजूक काही नव्हतं. खाटीक बाकावर मांडी थोपटू लागला. नोफ्रियोनं अख्ख्या आयुष्यात एवढी सावकाश दाढी केली नव्हती. एक गाल झाल्यावर त्यानं त्याच गालाला पुन्हा फेस लावला.

शेवटचा सूर तिनं हवा तेवढा वेळ थरथरत ठेवला. मग नोफ्रियोनं टॉवेल झटकला.

वेंतुरा उतरला, लालेलाल गाल चोळत म्हणाला, "वरचा सूर चुकला."

"चुकला," गास्पारा म्हणाली. "पुढच्या शनिवारी बघू. तोवर वाढतीलच."

तिनं मँडोलिन खिळ्याला टांगलं, खुर्चीत बसली, दाराकडे तोंड फिरवून घेतलं, नळावरच्या बायकांना नीट दिसेल अशी हनुवटी वर केली आणि म्हणाली, "हं. माझा नंबर."