झूम लेन्स मी दोनदा दुरुस्त केली

जे लिहायला बसलोय ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या नव्या भट्टीतून लोखंडाची पहिली धार सुटली, तिची फिल्म धूसर निघाली. दोष कॅमेरामनवर गेला. तो त्याचा नव्हता, माझा होता.

लेन्स माझ्या टेबलावर आली तेव्हा तिची झूमची कडी फिरतच नव्हती. जोर लावला की करकरायची आणि मध्येच अडकायची. आमचे फोरमन दत्तबाबू शेजारी उभे होते. त्यांच्या मागे दारात कॅमेरामन मेश्राम, कॅमेऱ्याची रिकामी पेटी छातीशी धरून.

"पुराणिक, ये कलकत्ता जाएगा तो दो महीना," दत्तबाबू म्हणाले. "भट्टी दस दिन में चालू होगा. तुम घड़ी खोलता है ना? तो ये भी खोलो."

"बाबू, घड़ी और लेन्स में फर्क है."

"हाँ, है. घड़ी टिक-टिक करता है, ये नहीं करता. और क्या फर्क है?"

सगळं शॉप हसलं. मेश्राम हसला नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, इन्स्ट्रुमेंट रिपेअर शॉपमध्ये प्रोबेशनवर. प्रेशर गेज, तापमान लिहिणारे रेकॉर्डर, असल्या वस्तू आमच्याकडे यायच्या. दुर्गला वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चिमटा धरायला मी तिथेच शिकलो होतो, आणि ही गोष्ट शॉपमध्ये जरा जास्तच वेळा सांगितली होती. ती अशी अंगावर आली.

तेव्हाची भिलाई आज डोळ्यांपुढे आणायची तर आधी धूळ आणावी लागते. लाल मुरमाची धूळ. शर्टाची कॉलर लाल, डब्यातली पोळी लाल, नाक शिंकरलं तर रुमाल लाल. वसाहतीच्या सेक्टरांत रस्त्याच्या कडेला झाडं लावली होती, ती गुडघ्याला लागायची. दुर्गहून मी सायकलने यायचो. भोंग्याच्या आधी गेटकडे सायकलींचा लोंढा लागायचा, त्यात मल्याळी, पंजाबी, तेलुगू, छत्तीसगढी, सगळ्या भाषांतल्या शिव्या ऐकू यायच्या. बाजारात रशियन बायका बोटं दाखवून भाव करायच्या, आणि बटाटेवाला त्यांना त्यांच्याच भाषेत आकडे सांगून चकित करायचा. कोण कुठला, कुणाचा, हे इथे कुणी विचारत नाही, असं मला वाटायचं. मला कुणी विचारत नव्हतं, एवढंच ते होतं.

देवाजी मेश्राम भंडाऱ्याकडचा. घर नुकतंच बौद्ध झालेलं. तो ब्ल्यूप्रिंट विभागात होता, म्हणजे दिवसभर अमोनियाच्या वासात नकाशांच्या प्रती काढायच्या. तिथून उठून तो डार्करूममध्ये जाऊन बसायचा. बघून बघून कॅमेरा शिकला. मग प्रसिद्धी विभागाने त्याला ट्रायलवर घेतलं. बांधकामाच्या फिल्म काढायच्या. ही नव्या भट्टीची फिल्म चांगली आली तर कॅमेरामनची जागा पक्की, नाहीतर परत अमोनिया. हे त्यानेच मला सांगितलं होतं.

"उघडशीन तं नीट उघड, भाऊ," दत्तबाबू गेल्यावर तो म्हणाला. "मायबाप हाय ते माहं."

"बस ना इथं. बघ."

"नाई. मी नाई पाहत."

झूम लेन्स म्हणजे जागेवरून न हलता लांबचं जवळ आणणारी लेन्स. कडी फिरवली की आतली भिंगं पुढेमागे सरकतात. या लेन्सच्या आत धूळ गेली होती आणि उन्हाने ग्रीस चिकट झालं होतं. दोष एवढाच. मी शामॉयचं मऊ कातडं पसरलं, स्क्रू क्रमाने लावून ठेवले, भिंगं न हलवता कड्या मोकळ्या केल्या आणि धातूचे भाग तामचिनीच्या ट्रेमध्ये पेट्रोलमध्ये टाकले. दोन दिवस लागले. नवं ग्रीस अगदी पातळ लावलं. कडी लोण्यातून फिरावी तशी फिरायला लागली.

तपासायला आमच्याकडे लेन्सचं काही साधन नव्हतं. मी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि फाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून बघायच्या नळीतून, चिमणीच्या टोकाकडे बघितलं. शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या. मेश्रामने भर दुपारी बाहेर चार-सहा फूट फिल्म घेतली, डार्करूममध्ये धुतली आणि ओली पट्टीच घेऊन पळत आला.

"पाह्य, पाह्य! विटा दिसून राहिल्या विटा! तुह्या हातात जादू हाय बे!"

दत्तबाबूंनी दुरुस्तीच्या कार्डावर 'ओव्हरहॉल्ड अँड टेस्टेड' लिहिलं, खाली सही केली आणि सगळ्यांना चहा मागवला. माझ्या प्रोबेशनचा रिपोर्ट त्यांच्याच हातात होता. "तुमको हम पक्का करेगा," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ट्रेमधलं पेट्रोल ओतून टाकलं. तळाशी एक चकती चिकटलेली होती. पितळेची, अंगठीसारखी गोल आणि मधे पोकळ, सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याएवढी जाड. कातड्यावरच्या सगळ्या वस्तू मी क्रमाने ठेवल्या होत्या. ही खालच्या कडीला तेलाने चिकटून गेली असणार आणि पेट्रोलमध्ये सुटली असणार.

हिला शिम म्हणतात. लेन्स आणि फिल्म यांच्यामधलं अंतर अगदी नेमकं लागतं. ते जुळावं म्हणून लेन्स जिथे कॅमेऱ्याला बसते तिथे, माउंटखाली, अशी पातळ चकती घालतात. ती काढली की लेन्स तेवढी आत बसते आणि चित्र फिल्मवर न पडता तिच्या मागे पडतं.

मग दुपारची पट्टी स्वच्छ कशी आली? ते मला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तर हे लिहायचं. कडक उन्हात कॅमेरामन लेन्सचं छिद्र बारीक करतो. छिद्र बारीक असलं की असले लहान दोष झाकले जातात. अंधारात छिद्र पूर्ण उघडावं लागतं, आणि मग काही झाकलं जात नाही. भट्टीची शेड काळोखी असते.

आणि मेश्रामला हे दिसणारही नव्हतं. या लेन्सचा फाइंडर तिच्या पोटातूनच उजेड घ्यायचा, माउंटच्या अलीकडून. त्याला सगळं लख्ख दिसणार आणि फिल्मवर धूसर उतरणार.

भट्टी उघडायला सहा दिवस होते. चकती परत बसवायला अर्धा तास पुरला असता. पण त्यासाठी दत्तबाबूंना सांगावं लागलं असतं की तुम्ही सही केलेलं कार्ड खोटं आहे. मी चकती कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. इतक्या पातळ पत्र्याने काय होतंय, असं स्वतःला सांगितलं. मेश्राम रस्त्यात भेटला तेव्हा विचारलं, "कसं आहे?"

"पाण्यावानी फिरते," तो म्हणाला.

भट्टी उघडली त्या दिवशी आम्हालाही बघायला सोडलं होतं. टॅपिंग म्हणजे भट्टीच्या तळाचं मातीचं बूच फोडून लोखंड बाहेर सोडणं. आधी ठिणग्या उडाल्या, मग वाळूच्या पाटातून ते पांढरं-पिवळं पाणी चालत आलं. माणसं ओरडत होती. एक रशियन इंजिनियर टोपी काढून छत्तीसगढी खलाशी मजुरांबरोबर नाचत होता. इतक्या वर्षांत मी शेकडो टॅपिंग बघितली, तशी गर्दीची छाती धडधडताना पुन्हा ऐकली नाही. मेश्राम एका लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभा होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. डोळा फाइंडरला, एक हात झूमच्या कडीवर. कडी फार सुंदर फिरत होती. मी तिथे उभा राहून त्याचा हात बघत होतो.

फिल्म धुवायला मुंबईला गेली. महिन्याभराने आली. बघायला मोठे साहेब लोक जमले होते, आम्ही मागे भिंतीला टेकून. बाहेरची दृश्यं सुरू झाली. गेट, फुलांच्या माळा, चिमणी. कोरून काढल्यासारखी. मग शेडच्या आतलं आलं. धार म्हणजे एक पिवळा ढग. माणसांना चेहरेच नव्हते.

दिवे लागले. प्रसिद्धी विभागाचे साहेब वळले.

"बाहर सब शार्प, अंदर सब धुआँ. क्यों मेश्राम, लेन्स अंदर जाते ही बदल गया क्या?"

"साहब, मुझे तो साफ दिख रहा था."

"साफ दिख रहा था? तो आँख दिखाओ किसी को."

लोक हसले. माझ्या शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "ऐसे लोगों को कैमरा देंगे तो यही होगा." 'ऐसे लोग' म्हणजे कोण ते त्याला सांगावं लागलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. पुरावा कुणी मागितला नाही. मेश्राममध्ये दोष आहे हे मानायला सगळे आधीपासून तयार होते. माझं काम त्यामुळे फार सोपं झालं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

पण गप्प बसण्यावरच ते भागलं नाही. दुसऱ्या दिवशी मेश्राम शॉपमध्ये आला. टेबलाशी उभा राहिला, बसला नाही.

"भाऊ, एकच विचारतो. खरं सांग. लेन्स बरोबर होती ना?"

माझ्या हातात गेजचा काटा होता. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

"तूच तर टेस्ट घेतलीस ना," मी म्हणालो. "बरोबर होती."

"मंग माहे डोळेच," तो म्हणाला.

तो दुर्गला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत. त्याचा विश्वास बसला नाही. रायपूरला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की मग दोष डोळ्याच्याही आत कुठेतरी असेल. महिन्याच्या आत तो परत ब्ल्यूप्रिंटमध्ये होता. माझा प्रोबेशनचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. चांगला होता.

आता दुसरी दुरुस्ती. नागपूरहून नवीन कॅमेरामन येणार होता. तो आला आणि त्याचीही फिल्म धूसर निघाली, तर सगळे लेन्सकडे बघतील, कार्ड निघेल, नाव निघेल. मी दत्तबाबूंना म्हणालो, "बाबू, नया आदमी आने से पहले ग्रीस बदल देता हूँ."

"बहुत जिम्मेदार लड़का है," ते म्हणाले.

मी चकती जागेवर बसवली. अर्धा तासही लागला नाही. हे मी मेश्रामसाठी करतोय, निदान लेन्स तरी नीट होईल, असलं काहीतरी मी मनाशी जुळवलं होतं. नव्या माणसाने त्याच शेडमध्ये, त्याच भट्टीवर, त्याच लेन्सने फिल्म काढली. ती पडद्यावर आली. धारेच्या कडेला वाळूचे कण दिसत होते.

"देखा?" साहेब म्हणाले. "लेन्स वही है."

मेश्रामविरुद्ध तोवर एक संशय होता. मी लेन्स नीट करून त्याचा पक्का पुरावा केला.

त्या दिवशी मेश्रामही बघायला आला होता. संपल्यावर सायकल स्टँडवर त्याने मला गाठलं. अंगाला अमोनियाचा वास येत होता.

"बरं झालं पाहाले आलो," तो म्हणाला. "आता खात्री झाली."

"कशाची?"

"खोटं कावून बोलू? मले तुह्यावर शक होता. वाटे, यानं खोलली तवा काही राहिलं असन. पुरे दोन महिने मी तुले मनातल्या मनात शिव्या देऊन राहिलो होतो. माफ कर, भाऊ."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हणालो, "जाऊ दे रे, त्यात काय." आणि सायकलवर बसलो.

पुढे त्याने कॅमेऱ्याला हात लावला नाही. घरातल्या लग्नातसुद्धा फोटो काढायला दुसऱ्याला सांगायचा. आता तो निवृत्त आहे, बोरसीत घर बांधलंय. मीही पन्नाशी ओलांडली, त्याच शॉपचा फोरमन झालो. दत्तबाबू गेले, ते साहेब कुठे आहेत माहीत नाही. मेश्राम बाजारात भेटतो. मुलांची चौकशी करतो. जुन्या दिवसांबद्दल आम्ही पुष्कळ बोलतो, धुळीबद्दल, सायकलींबद्दल, त्या नाचणाऱ्या रशियनाबद्दल. फिल्मचा विषय तो काढत नाही, मला संकोच वाटू नये म्हणून. त्याला वाटतं, त्याने माझ्यावर संशय घेतला होता याची मला अजून आठवण असेल.

धंद्यातला धडा काय, असं शिकाऊ पोरं मला विचारतात तेव्हा मी सांगतो, वस्तू जोडून झाल्यावर ट्रे आधी रिकामा करा, सही नंतर घ्या. ते बरोबरच आहे. पण ते सांगणं मला सोपं जातं.

बोरसी माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे. हे छापून यायच्या आधी मी तिथे जायला हवं आणि तो असेल तर त्याच्या बायकोसमोर, मुलांसमोर त्याला सांगायला हवं, की मेश्राम, तुझं बरोबर होतं, शिव्या योग्य माणसालाच पडत होत्या. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून गेलेलो नाही.