डबलडेकरला निघालो, खेडहून परतलो

आबांना मुंबईची डबलडेकर दाखवायची ही कल्पना माझीच, त्यामुळे शिव्या तरी कुणाला घालणार? आबा म्हणजे आईचे काका, मुक्काम आंजर्ले. सगळी नोकरी मुंबईत, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर कंडक्टर. वरची सगळ्यात पुढची सीट, जिच्यासाठी पोरं जिन्यात ढकलाढकली करायची, तिच्यावर आबा एकदाही बसले नाहीत. ड्युटीवर बसायचं नाही आणि सुट्टी लागली की गाव. त्या जुन्या गाड्या आता मोडीत गेल्या, नव्या आल्यात. गुडघे जिना चढू देतायत तोवर एकदा त्या सीटवर बसायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी लगेच खेडहून रेल्वेची तिकिटं काढली.

आंजर्ल्याची एसटी उशिरा आली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दापोलीला मी वडापाव आणायला गेलो, समोर चपलांचं दुकान दिसलं आणि आत शिरलो. (तुम्ही शिरू नका.) तरी खेडच्या गाडीत बसलो तेव्हा हातात वेळ होता.

गाडी हलली तोच आबांना एक बाई धावताना दिसली. उठून त्यांनी सरळ दोरी ओढली. टिंग! गाडी थांबली.

"आजोबा, कंडक्टर तुम्ही की मी?"

"पॅसेंजर धावतोय नि तू डबल बेल मारतोस?"

अर्धी गाडी आबांच्या बाजूने, अर्धी कंडक्टरच्या. बाई धापा टाकत आली. तिला खेडला जायचंच नव्हतं. ती ड्रायव्हरची बायको, विसरलेला डबा द्यायला आलेली. मग कंडक्टर जो रुसला, तो प्रत्येक थांब्यावर आबांना मुद्दाम विचारायला लागला, "मारू का डबल?" आणि आबा खरंच वाकून दार बघायचे, मग मान हलवायचे.

खेडचं स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षासाठी वेगळा वेळ ठेवा. आम्हाला गाडीची फक्त शेपटी दिसली. पुढच्या गाडीला आरक्षण नाही, आणि जनरलमध्ये आबांना उभ्याने कसं नेणार?

बाकावर बसून आबांनी सगळं सांगितलं: आधी घोड्यांच्या ट्राम, उन्हात घोड्यांना टोप्या, मग विजेच्या, त्यांवर त्यांचे वडील कामाला, मग डबलडेकर, दोन मजल्यांना दोन कंडक्टर, वरच्याने घंटी दिल्याशिवाय खालच्याने गाडी सोडायची नाही. हेच ऐकायला मी वर्षभर मागे लागलो होतो. आता इतका वैतागलो होतो की रेकॉर्डिंगसुद्धा केलं नाही.

परतीच्या एसटीत सगळ्यात पुढची सीट रिकामी मिळाली. म्हटलं, आबा, हीच वरची समजा. ते बसले, चपला काढल्या, समोरच्या काचेतून रस्ता बघत राहिले. पहिल्याच थांब्यावर कडेवर पोर घेतलेली एक बाई चढली आणि आबा उठले.

"आबा, बसा ना हो. मी उठतो मागून."

"बसलो की रे. बघून झालं."

दापोलीपर्यंत दांडा धरून उभे, कंडक्टरच्या शेजारी.

आबांना पोचवून रात्री घरी आलो. आईने दारातच विचारलं, "बसायला मिळालं का त्यांना?"

"मिळालं," म्हटलं, "एक थांबाभर."